चाळिशीचा चष्मा ऑपरेशन करून घालवायचाय? आधी टेप घेऊन अंतर मोजा

प्रश्न असा आलाय: "वय ४७. कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत सोन्याचं काम करतो, जास्त करून साजाची पानं जोडायचं. लांबचं एकदम स्वच्छ दिसतंय, आयुष्यात कधी चष्मा लागला नव्हता, पण तीन वर्षांपासून जवळचा नंबर लागलाय, आता +१.७५ आहे. गिऱ्हाईक आलं की काढायचा, काम सुरू केलं की घालायचा, वैताग आलाय. पुतण्याचं लेसर झालं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा चष्मा गेला. माझा पण जाईल का? दर आठवड्याला रात्री हुपरीहून बाईकवर परत येणं असतं."

दादा, मी गेली २२ वर्षं कोल्हापुरात डोळ्यांची ऑपरेशनं करतेय आणि हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी ओपीडीत येतोच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. थोडक्यात सांगायचं तर मोबाईल, पेपर, हॉटेलचं मेनूकार्ड, बिल यासाठी लागणारा चष्मा बऱ्याच अंशी घालवता येतो. पण तुम्हाला तो साजाच्या कामासाठी घालवायचाय, आणि त्या कामाला तो ऑपरेशननंतर पण लागणार. शिवाय त्या बदल्यात तुमची लांबची चांगली नजर थोडी खर्ची पडेल. असं का, ते सांगते.

पुतण्याचं आणि तुमचं दुखणं एकच नाही. त्याचं वय असेल २३-२४, त्याला लांबचं दिसत नव्हतं, मायनस नंबर असणार. म्हणजे त्याच्या डोळ्याचा गोळा थोडा लांब किंवा समोरचं पारदर्शक पटल थोडं जास्त फुगीर, त्यामुळे चित्र डोळ्याच्या मागच्या पडद्यावर न पडता थोडं अलीकडे पडायचं. ते पटल मध्यावर साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं, लेसरने त्याचा काही भाग मोजून-मापून घासून सपाट केला की चित्र बरोबर पडद्यावर येतं. त्याच्या डोळ्याच्या आतलं नैसर्गिक भिंग अजून मऊ आहे, त्यामुळे लांबचं दुरुस्त झालं की जवळचं त्याला आपोआप दिसतं.

तुमचं पटल मुळातच छान आहे, डोळ्याची लांबी पण बरोबर आहे, म्हणून तर लांबचं स्वच्छ दिसतंय. बिघडलंय ते आतलं भिंग, आणि बिघडलंय म्हणण्यापेक्षा कडक झालंय म्हणूया. गुऱ्हाळावर गूळ काढताना बघितला असेल तुम्ही, वाफ्यात ओतल्या-ओतल्या कसा मऊ असतो, हवा तसा वळतो, आणि ढेप बसली की हाताने दाबून आकार बदलत नाही. भिंगाचं तसंच होतं, फक्त त्याला चाळीस वर्षं लागतात. जवळचं बघायचं असलं की भिंगाभोवतीचा एक बारीक स्नायू आवळतो आणि मऊ भिंग फुगीर होतं. दहा वर्षांच्या पोराला पुस्तक नाकाला लावून वाचता येतं ते त्यामुळेच. चाळिशीच्या आसपास ही ताकद इतकी कमी होते की जवळचं धरायला त्रास व्हायला लागतो आणि साठीपर्यंत जवळजवळ संपते. हे प्रत्येकाचं होतं, म्हणूनच मराठीत त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात. चष्मा वापरला म्हणून नंबर वाढला असं लोक म्हणतात ते खरं नाही, तुम्ही वापरला नसता तरी तेवढाच वाढला असता, आणि डोळ्यांच्या व्यायामाने पण भिंग परत मऊ होत नाही.

आता महत्त्वाचं. साधं लॅसिक नाही, कॉन्टुरा नाही, स्माईल नाही, कुठलंच लेसर या भिंगाला मऊ करत नाही. लेसर पटलावर चालतं. मग चाळिशीसाठी लेसर करतात म्हणजे नेमकं काय करतात? बहुतेक वेळा एक डोळा लांबचा ठेवतात आणि दुसरा मुद्दाम मायनस करतात, साधारण -१.२५ ते -१.५०. म्हणजे एक डोळा लांबचं बघतो, दुसरा जवळचं, आणि मेंदू ज्या वेळी जे लागेल ते निवडतो. याला मोनोव्हिजन म्हणतात. त्याचीच सुधारलेली पद्धत पण आहे, त्यात दोन्ही डोळ्यांच्या फोकसची खोली थोडी वाढवतात म्हणजे दोघांतला फरक कमी खटकतो. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा, की एका चांगल्या डोळ्याचं लांबचं दिसणं मुद्दाम कमी करायचं. कागदावर हे वाचायला विचित्र वाटतं पण ज्यांना जमतं त्यांना खरंच छान जमतं, मी स्वतः असे बरेच रुग्ण केलेत आणि ते खूश आहेत. फक्त ते लोक कोण होते बघा: बँकेतला अधिकारी, कापड दुकानदार, किराणा मालाचा व्यापारी. सगळे ४० ते ६० सेंटीमीटरवर काम करणारे.

आणि इथेच टेप घ्यायची. तुम्ही काम करताना डोळ्यापासून हातातला डाग, म्हणजे दागिना, किती लांब असतो हे घरातल्या कुणाला तरी मोजायला सांगा. माझ्याकडे गुजरीतले आणि हुपरीचे जे कारागीर येतात त्यांचं अंतर बहुतेक २५ सेंटीमीटरच्या आसपास भरतं, कधी २० पण. हिशोब सोपा आहे, १०० ला सेंटीमीटरने भागा, जेवढं येईल तेवढी ताकद त्या अंतराला लागते. पेपर ४० सेंटीमीटरवर धरला तर २.५. कॉम्प्युटर ६५ वर असला तर दीडच्या आसपास. तुमचं काम २५ वर असेल तर ४. आता मोनोव्हिजनमध्ये तुम्हाला मिळणार दीड, तेही एका डोळ्यात. आज तुमच्या भिंगात अजून थोडी ताकद शिल्लक आहे म्हणून ओढूनताणून काही दिवस चालेल, पण ५५ पर्यंत ती पण जाईल आणि मग परत चष्मा.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. तारेचं टोक जोडावर टेकवताना, चिमट्याने बारीक मणी उचलताना खोलीचा अंदाज लागतो, आणि तो दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी स्वच्छ दिसलं तरच नीट लागतो. एका डोळ्याने सुई ओवून बघा म्हणजे कळेल. मोनोव्हिजनमध्ये हा अंदाज थोडा कमी होतो. कापड दुकानदाराला फरक पडत नाही, तुम्हाला पडेल.

मग लोक विचारतात, "मॅडम, लेसर नको तर लेन्सच बदला की ओ, मोतीबिंदूसारखी." हो, तो दुसरा मार्ग आहे. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग काढून आत कृत्रिम लेन्स बसवायची, ऑपरेशन अगदी मोतीबिंदूचंच, अडीच मिलिमीटरच्या आसपास चीर, बहुतेक वेळा फक्त थेंबांनी भूल, एका डोळ्याला पंधरा-वीस मिनिटं, दुसरा डोळा काही दिवसांनी. ही पद्धत जुनी आणि पक्की आहे, हॅरॉल्ड रिडले या ब्रिटिश डॉक्टरांनी पहिली कृत्रिम लेन्स १९४९ मध्ये बसवली आणि आज जगात सगळ्यात जास्त होणाऱ्या ऑपरेशनांपैकी हे एक आहे. साध्या लेन्सवर एकच अंतर दिसतं म्हणून चष्मा घालवायचा असेल तर ट्रायफोकल लेन्स लागते, त्यात लांबचं, मधलं आणि जवळचं असे तीन फोकस असतात.

पण ट्रायफोकल उजेड तयार करत नाही, आहे तोच वाटते. डोळ्यात येणाऱ्या उजेडाचा साधारण अर्धा लांबच्याला, उरलेला मधल्या आणि जवळच्याला. त्यामुळे दोन गोष्टी होतात. कमी उजेडात काळ्यावर करडं, म्हणजे फिक्या रंगातला फरक थोडा कमी कळतो. आणि रात्री समोरच्या गाडीच्या हेडलाईटभोवती कडी दिसतात, प्रकाश पसरतो. बहुतेकांना तीन ते सहा महिन्यांत मेंदूला सवय होते आणि ती कडी खटकायची थांबतात, काहींना मात्र कायम खटकतात. हुपरीहून रात्री बाईकवर येताना समोरून उसाचा ट्रॅक्टर येतोय, मागे दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टर नाही, त्याच्यामागून कुणीतरी अप्पर मारत ओव्हरटेक करतोय. हंगामात हा रस्ता कसा असतो ते तुम्हाला माहितीच आहे. त्या क्षणी तुमची आजची लांबची नजर लाखमोलाची आहे. मोतीबिंदू असलेल्या माणसाला मी ट्रायफोकल सुचवते तेव्हा त्याची नजर आधीच धूसर असते, त्यामुळे ऑपरेशननंतर त्याला जे मिळतं ते आधीपेक्षा चांगलंच असतं. तुम्ही मात्र सहा बाय सहाच्या नजरेवरून खाली उतरणार, आणि ते तुम्हाला रोज जाणवेल.

अंतराचा हिशोब इथे पण लावा. ट्रायफोकलचा जवळचा फोकस साधारण ४० सेंटीमीटरला येतो. २५ वर धरलेला डाग त्यात अंधुकच दिसणार. आणि नैसर्गिक भिंग काढल्यामुळे आज जी शिल्लक ताकद आहे ती पण त्याच दिवशी शून्य. म्हणजे एवढं करून कामावर बसताना चष्मा घालायचाच.

धोक्याचं पण बोलायला पाहिजे, कारण जाहिरातीत ते येत नाही. आत जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण हजारात एकाहून कमी आहे, पण ज्याला होतो त्याची नजर जाऊ शकते. पडदा सुटण्याचा धोका पन्नाशीच्या आतल्या पुरुषांमध्ये आणि मोठा मायनस नंबर असलेल्यांमध्ये जास्त असतो. तुमचा मायनस नाही, ही चांगली गोष्ट, पण वय आणि पुरुष असणं ही दोन्ही कारणं तुमच्याकडे आहेत. गढूळ भिंग काढताना हा धोका मी बिनदिक्कत घेते कारण दुसरा इलाज नाही. स्वच्छ, काम करणारं भिंग काढताना माझा हात थांबतो. सगळ्याच डॉक्टरांचं असं मत नाही, काही चांगले सर्जन पन्नाशीच्या आत पण करतात, हे प्रामाणिकपणे सांगते. ज्यांना आधीच मोठा प्लस नंबर आहे, लांबचं आणि जवळचं दोन्ही चष्म्याशिवाय दिसत नाही, त्यांना याचा खरंच फायदा होतो, आणि त्यांना मी पण सुचवते.

एक अनुभव सांगते, उलट बाजूचा आहे पण उपयोगी पडेल. राजारामपुरीतल्या एक बाई, शाळेत शिक्षिका, दोन्ही डोळ्यांना -२.५० नंबर. त्यांनी ४३ व्या वर्षी दुसऱ्या गावात लेसर करून घेतलं, लांबचं एकदम टकाटक. तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे आल्या, डोळ्यांत पाणी. "मॅडम, लांबचं मिळालं पण जवळचं गेलं की ओ, वह्या तपासायला येईनात." आधी त्या चष्मा काढून वह्या तपासायच्या, कारण -२.५० वाल्याचा उघडा डोळा ४० सेंटीमीटरला आपोआप फोकस असतो. चाळिशीत त्यांना निसर्गानेच वाचायचा चष्मा दिला होता आणि तो त्यांच्या लक्षात न येता लेसरमध्ये गेला. ऑपरेशन चुकलं नव्हतं, नंबर अगदी शून्य आला होता. त्यांना कुणी आधी विचारलंच नाही की बाई, तुम्ही दिवसभर कुठल्या अंतरावर बघता. तेव्हापासून मी माझ्या टेबलावर शिंप्याची टेप ठेवलीये आणि चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं अंतर मोजल्याशिवाय ऑपरेशनचा विषय काढत नाही.

बाकी मार्गांचं पटकन सांगते. थेंबांनी चाळिशी जाते अशी बातमी २०२४ मध्ये खूप फिरली, आमच्याकडे रोज फोन. ते औषध म्हणजे पायलोकार्पिन, काचबिंदूसाठी कित्येक वर्षांपासून वापरतोय आम्ही. बाहुली बारीक होते, बारीक भोकातून बघितलं की फोकसची खोली वाढते, म्हणून काही तास जवळचं बरं दिसतं. भारतात त्याला ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली आणि कंपनीने केलेल्या दाव्यांवरून सप्टेंबरमध्ये ती थांबवली गेली. भुवईत दुखणं, अंधारात कमी दिसणं हे त्रास होतात, क्वचित पडदा सुटल्याच्या केसेस पण आहेत, तेव्हा कुणी दुकानातून आणून दिलं तरी स्वतःच्या मनाने घालू नका. पटलात बारीक चकती बसवायची पद्धत पण आली होती, अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालेली अशी एक चकती २०१८ मध्ये परत मागवावी लागली, कारण पटल गढूळ होत होतं. नवीन आलंय म्हणून चांगलं असेल असं डोळ्याच्या बाबतीत मी धरून चालत नाही.

एवढं सगळं वाचून पण मोनोव्हिजनचं मनात राहिलंच, तर लेसरच्या आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून ते जगून बघा. आधी तुमचा कर्ता डोळा कुठला ते घरीच बघा: दोन्ही हात समोर लांब करा, पंजे एकमेकांवर ठेवून मध्ये छोटं भोक करा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा आणि एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना घड्याळ भोकातच राहतं तो कर्ता. तो लांबचा ठेवायचा. दुसऱ्या डोळ्यात +१.५० ची सॉफ्ट लेन्स दोन आठवडे लावून फिरा. पेढीवर बसा, जिने उतरा, महाद्वार रोडला गर्दीत चाला, आणि रात्री हुपरीचा रस्ता कुणालातरी गाडी चालवायला लावून मागे बसून बघा. लेन्स काढली की सगळं पूर्वीसारखं, काही बिघडत नाही. लेन्स लावून भट्टीपाशी किंवा जोडकामाच्या ज्योतीजवळ मात्र बसू नका, आणि लेन्स लावून झोपू तर अजिबात नका. दोन आठवड्यांत तुम्हाला स्वतःलाच कळेल. माझ्याकडे तर निम्मेअधिक लोक या चाचणीनंतर स्वतःच म्हणतात की राहू दे.

आता तुमच्यासाठी मी काय करेन. पहिलं, तुमचा +१.७५ हा पेपर वाचायच्या अंतराला काढलेला नंबर आहे, कामाच्या २५ सेंटीमीटरला नाही. म्हणून संध्याकाळी डोळे जड होत असतील, कपाळ दुखत असेल. कामाचा वेगळा चष्मा करा, २५ सेंटीमीटरवर डाग हातात धरून नंबर काढलेला, आणि तो कामाच्या जागीच ठेवा. अगदी बारीक जोडासाठी डोक्याला लावायचं भिंग घ्या. दुसरं, उजेड. पिवळ्या बल्बखाली बसत असाल तर डाव्या बाजूने, उजव्या हाताची सावली पडणार नाही असा चांगला पांढरा दिवा लावा. उजेड वाढला की बाहुली आपोआप बारीक होते, थेंब जे करतात ते फुकटात होतं. तिसरं, गिऱ्हाईकासमोर काढघाल नको असेल तर पेढीवर बसताना प्रोग्रेसिव्ह चष्मा, वर लांबचं, खाली जवळचं, मध्ये रेघ नाही. पहिले आठ-दहा दिवस जिना उतरताना मान खाली घालावी लागते, कडेने बघितलं की थोडं हलल्यासारखं वाटतं, मग सवय होते. फ्रेम नीट बसवून घ्या, फ्रेम घसरली की प्रोग्रेसिव्ह फसतो आणि लोक लेन्सला दोष देतात.

चष्मा म्हणजे कमीपणा असं तुमच्या प्रश्नात कुठंतरी वाटलं म्हणून हे पण सांगते. आसाममध्ये चहाच्या मळ्यात चाळिशीच्या पुढच्या मजुरांवर एक मोठा अभ्यास झाला होता, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. साधा जवळचा चष्मा दिला आणि पानं खुडण्याचं काम साधारण २२ टक्क्यांनी वाढलं, पन्नाशीच्या पुढच्यांत तर त्याहून जास्त. तुमच्या हातातली कला तिथेच आहे, तिला दिसायला तेवढं द्या.

विम्याचं विचारणार असाल तर साडेसातपेक्षा कमी नंबर घालवायच्या ऑपरेशनचा खर्च साधारणपणे मेडिक्लेममध्ये बसत नाही, त्यामुळे "कॅशलेस करून देतो" असं कुणी म्हणालं तर कागदावर कुठलं ऑपरेशन लिहितायत ते नीट वाचा. मोतीबिंदू नसताना मोतीबिंदू लिहू देऊ नका.

पुढे ५८-६०ला खरा मोतीबिंदू आला की तेव्हा लेन्सचा विषय परत काढू. भिंग तेव्हा काढावंच लागणार आहे, धोका एकदाच घ्यायचा, आणि तोपर्यंत लेन्स पण आजच्यापेक्षा सुधारलेल्या असतील. तेव्हा तुम्ही काम कमी केलेलं असेल, रात्रीचं हुपरीला जाणं थांबलं असेल तर कदाचित मीच तुम्हाला ट्रायफोकल सुचवेन.

आत्ता मात्र एकदा पूर्ण तपासणी करून घ्या, कारण तीन वर्षांत नुसता नंबर काढलाय असं दिसतंय. चाळिशीनंतर डोळ्याचं प्रेशर, मागची नस आणि पडदा बघायलाच पाहिजे, काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, कळत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही. शुगर पण करा, नंबर सारखा बदलत असेल तर बऱ्याचदा शुगरच सापडते. येताना आत्ताचा चष्मा, चिमटा आणि करत असलेल्या कामाचा एखादा तुकडा घेऊन या, पितळेचा चालेल, म्हणजे तुमच्या बसण्याच्या पद्धतीतच अंतर मोजता येईल. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, तेव्हा बाईक स्वतः चालवत येऊ नका, पुतण्याला बरोबर आणा.